गाठीपुरती उष्णता

23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंश सेल्सिअसवर गेला होता. त्या दुपारी कामासाठी घराबाहेर पडलेल्या धडधाकट नागपूरकराच्या शरीराचे आतले तापमान मात्र 37 अंशांच्या आसपासच राहिले असणार. घाम सुटतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त आतली उष्णता बाहेर आणून टाकते. ही व्यवस्था कोलमडली आणि आतले तापमान तीन-चार अंशांनी चढले, की त्याला आपण उष्माघात म्हणतो.

कर्करोगावरच्या हायपरथर्मिया या उपचाराला नेमके असेच काही अंश हवे असतात, पण फक्त गाठीत. गाठीचे तापमान 40 ते 43 अंशांपर्यंत चढवायचे, साधारण तासभर तिथेच टिकवायचे आणि शेजारच्या निरोगी भागाला झळ लागू द्यायची नाही. उष्णतेने पेशी मरतात हे जुने ज्ञान आहे. उष्णता हव्या त्या जागी, हवी तेवढी आणि हवा तितका वेळ कशी ठेवायची, यावर मात्र गेली 50 वर्षे जगभर काम चालू आहे. त्यातले काही महत्त्वाचे काम मुंबई, कोल्हापूर आणि नागपूरपासून 75 किलोमीटरवरच्या सेवाग्राममध्येही झाले आहे.

भाजणे वेगळे, तापवणे वेगळे

उष्णतेचे कर्करोगावरचे उपचार दोन जातींचे आहेत. पहिल्यात गाठ सरळ भाजली जाते. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत गाठीत सुई घालतात आणि रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हने सुईच्या टोकाभोवतीचा भाग 60 ते 100 अंशांपर्यंत तापवतात. 60 अंशांच्या वर प्रथिने गोठतात आणि पेशी जागच्या जागी मरतात. यकृतातल्या साधारण 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी ही पद्धत आता रुळली आहे. गाठीला लागून मोठी रक्तवाहिनी असेल तर अडचण येते. वाहते रक्त उष्णता ओढून नेते, त्या कडेचे तापमान पुरेसे चढत नाही आणि तिथल्या पेशी वाचतात.

दुसरी जात हायपरथर्मियाची. इथे उष्णता सौम्य असते आणि ती एकटी लढत नाही. रेडिएशन किंवा केमोथेरपीची धार वाढवणे हे तिचे मुख्य काम. रेडिएशन म्हणजे गाठीला दिलेला चटका, असा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात रेडिएशनच्या 2 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) एका मात्रेने ऊतीचे तापमान अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढेच वाढते. रेडिएशन डीएनएचे धागे तोडून पेशी मारते. त्यात उष्णतेचा वाटा नसतो, म्हणून तर ती वेगळी द्यावी लागते.

ही कल्पना जुनी आहे. स्वीडनचे स्त्रीरोगतज्ज्ञ वेस्टरमार्क यांनी 1898 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर गरम पाणी खेळवलेल्या धातूच्या नळीने शेक दिला होता. 42 ते 44 अंशांवर काही गाठी आक्रसल्याची नोंद त्यांनी केली. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम कोली हे शल्यविशारद, तीव्र ताप आणणाऱ्या जंतुसंसर्गानंतर काही गाठी विरघळतात, हे पाहून रुग्णांना मुद्दाम जिवाणूंचे अंश टोचत होते. पण शरीराच्या आतल्या गाठीचे तापमान मोजायचे आणि ताब्यात ठेवायचे साधन नसल्याने ही वाट पुढे बराच काळ ओस पडली.

गाठ उष्णतेला का बळी पडते

निरोगी ऊती तापली की तिथला रक्तप्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि ती स्वतःला थंड करून घेते. घाईघाईने वाढलेल्या गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यांना असा जोर करता येत नाही. निरोगी ऊतीचा कूलर भर उन्हात पाणी खेचत राहतो, गाठीच्या कूलरची टाकी लवकर कोरडी पडते. म्हणून सारखीच ऊर्जा दिली तरी गाठ थोडी अधिक तापते.

याहून मोलाची गोष्ट पेशींच्या आत घडते. गाठीच्या मध्यभागी रक्त कमी पोचते, म्हणून तिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त असते. ऑक्सिजन कमी असलेल्या पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत, पण आम्लधर्मी वातावरणातल्या पेशींना उष्णता सोसत नाही. विभाजनापूर्वी डीएनएची नक्कल करत असलेल्या पेशी रेडिएशनला चिवट असतात, त्याही उष्णतेपुढे टिकत नाहीत. शिवाय रेडिएशनने तोडलेला डीएनए दुरुस्त करणारी प्रथिने उष्णतेने निकामी होतात, त्यामुळे पेशीला सावरायला उसंत मिळत नाही. सौम्य उष्णतेने गाठीतला रक्तप्रवाह काही काळ थोडा सुधारतो, त्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि रेडिएशनचा परिणाम वाढतो.

या उपचाराला एक मर्यादा पेशी स्वतःच घालते. तापलेली पेशी संरक्षक प्रथिने तयार करते आणि पुढचे दोन-तीन दिवस उष्णतेला निर्ढावते. म्हणून हायपरथर्मिया रोज देत नाहीत. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, रेडिएशनच्या मागेपुढे देतात.

दोन अंशांची किंमत

औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, रेडिएशनची ग्रेमध्ये. उष्णतेची मात्रा कशी मोजायची, याचा हिशेब सपारेटो आणि ड्यूई या शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये मांडला. त्यांनी 43 अंश हे प्रमाण धरले. त्याच्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो, त्याच्या खाली प्रत्येक अंशाला तो चौपट होतो. 43 अंशांवर एका तासात जेवढ्या पेशी मरतील तेवढ्यांसाठी 44 अंशांवर अर्धा तास पुरतो. 42 अंशांवर 4 तास लागतात आणि 41 अंशांवर 16 तास. रेडिएशनची धार वाढवायला 41 अंशही उपयोगी पडतात हे खरे, पण दोन अंश हुकले तर केवढा फरक पडतो ते यावरून कळावे.

या हुकण्याने उपचाराचे नावच जवळजवळ बुडाले होते. 1980 च्या दशकात अमेरिकेत कातडीजवळच्या गाठींवर सुमारे 300 रुग्णांची एक मोठी चाचणी झाली. नुसते रेडिएशन घेतलेले आणि रेडिएशनबरोबर उष्णता घेतलेले, यांच्यात एकंदर फरक दिसला नाही. नोंदी तपासल्यावर कळले, की कित्येक रुग्णांत गाठ ठरवल्याप्रमाणे तापलेलीच नव्हती. 3 सेंटिमीटरपेक्षा लहान, म्हणजे नीट तापवता येण्याजोग्या गाठींत मात्र फायद्याकडे कल होता. अनेकांनी तेवढ्यावर उपचार निकालात काढला.

ड्यूक विद्यापीठाने हाच प्रश्न शिस्तीने हाताळला आणि 2005 मध्ये निष्कर्ष छापले. गाठ तापते की नाही हे त्यांनी आधी एका फेरीत तपासले. तापणाऱ्या गाठींचे 109 रुग्णच चाचणीत घेतले आणि उष्णतेची मात्रा ठरवून दिली. गाठ पूर्ण विरघळण्याचे प्रमाण उष्णतेसह 66 टक्के भरले, उष्णतेविना 42 टक्के. उपचार तोच होता, फक्त या वेळी मोजून दिला होता.

पुराव्याच्या दोन्ही बाजू

सर्वांत गाजलेला पुरावा नेदरलँड्सचा आहे. ओटीपोटातल्या पुढच्या टप्प्याच्या कर्करोगांवरची 358 रुग्णांची चाचणी 2000 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. त्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या 114 स्त्रियांपैकी नुसत्या रेडिएशनच्या गटात 3 वर्षांनी 27 टक्के हयात होत्या, उष्णतेची जोड मिळालेल्या गटात 51 टक्के.

मुंबईच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुइलगोळ यांनी जपानी रेडिओलहरी यंत्र वापरून डोके आणि मान या भागातल्या वाढलेल्या कर्करोगांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण साठापेक्षा कमी होते. गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण नुसत्या रेडिएशनने 42 टक्के, तर जोड उपचाराने सुमारे 79 टक्के आले. तोंड आणि घशाच्या कर्करोगाने पिडलेल्या आपल्या प्रदेशासाठी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी उभे केले. तिथल्या किरणोपचार विभागातले डॉ. निलय रंजन दत्ता हे या विषयातले जगन्मान्य नाव. लखनौत 1990 च्या सुमारास आणि पुढे स्वित्झर्लंडमधल्या आराऊ इथे त्यांनी हायपरथर्मियावर काम केले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये सेवाग्रामहून प्रसिद्ध केलेल्या लेखात जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब आहे. रेडिएशनला उष्णतेची जोड दिल्यावर गाठीवर मिळणारे नियंत्रण उलटलेल्या स्तनाच्या कर्करोगात 22.3 टक्क्यांनी, पुढच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात 22.1 टक्क्यांनी आणि डोके-मानेच्या कर्करोगात 25.5 टक्क्यांनी वाढते. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत कर्करोगाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना याच तीन जागी रोग असतो आणि बहुतेक जण उशिरा येतात. म्हणून हा उपचार अशा देशांत सर्वांत जास्त उपयोगी ठरेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

उलट बाजूही नोंदवायला हवी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर झालेल्या बहुकेंद्री चाचणीत, जिचे निष्कर्ष 2005 मध्ये आले, उष्णतेचा फायदा दिसला नाही. डच चाचणीत तुलना नुसत्या रेडिएशनशी होती. आज रेडिएशनबरोबर केमोथेरपी देणे ही प्रमाण पद्धत आहे आणि तिच्यावर उष्णतेने आणखी किती भर पडते याचा पुरावा तितका भक्कम नाही.

बाहेरून नेम धरणे

कातडीपासून 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी मायक्रोवेव्हने तापवता येतात. छातीच्या भिंतीवर उलटलेला स्तनाचा कर्करोग किंवा मानेतल्या गाठी त्यांत मोडतात. त्याहून खोल जायचे तर लांब लहरी लागतात, पण लहर लांब असली की ती पसरते आणि नेम सुटतो. यावर उपाय म्हणून रुग्णाभोवती अनेक अँटेना कड्यासारख्या मांडतात. प्रत्येक अँटेनाच्या लहरीची वेळ आणि ताकद अशी जुळवतात, की गाठीच्या जागी सगळ्या लहरींचे उंचवटे एकावर एक पडावेत आणि इतरत्र त्यांनी एकमेकींना खोडावे. अँटेना आणि शरीर यांच्यामध्ये थंड पाण्याची पिशवी असते. तिने लहरी आत नीट शिरतात आणि कातडी भाजत नाही. सीटी स्कॅनवरून रुग्णाचे संगणकी प्रतिरूप बनवून कोणत्या अँटेनाला किती ऊर्जा द्यायची हे आता आधीच ठरवता येते.

पण हिशेबाप्रमाणे गाठ तापली का, हे कळायला तापमापकच हवा. मे 2024 च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंशांची नोंद केली आणि देशभर बातमी झाली. शहरातली दुसरी काही केंद्रे 44 अंशांच्या आसपास दाखवत होती. संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. हवामानात अशी चूक एका दिवसाची बातमी होते, गाठीत ती उपचार वाया घालवते. गाठीत एक-दोन बारीक तापमापक खुपसले तर तेवढेच बिंदू कळतात, मधला भाग अंधारात राहतो. एमआरआयने ही अडचण बरीच सोडवली आहे. पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची वारंवारता एका अंशाला सुमारे दहा कोटीव्या भागाने सरकते. हा सूक्ष्म बदल टिपून यंत्र सगळ्या गाठीचा तापमान-नकाशा उपचार चालू असतानाच दाखवू शकते. मात्र श्वासाबरोबर हलणाऱ्या अवयवांत आणि चरबीत हे मोजमाप अजून डळमळते.

आतून तापवणे

बाहेरून नेम धरण्यापेक्षा गाठीतच तापणारी वस्तू ठेवली तर? शिकागोत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये लसीका ग्रंथींत लोहसंयुगाचे बारीक कण सोडून ते उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने तापवून दाखवले. क्षेत्राची दिशा सेकंदाला लाखभर वेळा बदलली, की कणांचे चुंबकत्व तिच्यामागे धावताना उष्णता सोडते. कण जिथे नाहीत तिथली ऊती फारशी तापत नाही. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीने मेंदूच्या गाठींसाठी असे उपचार तयार केले आणि 2010 मध्ये त्यांना युरोपात मान्यता मिळाली. पुन्हा उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या 59 रुग्णांची चाचणी उत्साह वाढवणारी होती, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मेंदूत राहिलेल्या लोहकणांमुळे पुढचे एमआरआय धूसर येत आणि दातांतल्या धातूच्या भरण्या काढाव्या लागत. 2022 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

चुंबकीय कण जास्त तापले तर काय, या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर कोल्हापुरात शोधले जात होते. डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार, नानासाहेब थोरात आणि सहकाऱ्यांनी लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचे नॅनोकण बनवले. या कामात भाभा अणुसंशोधन केंद्राचे निङथौजम हेही होते. प्रत्येक चुंबकीय पदार्थ एका ठरावीक तापमानाला, म्हणजे क्युरी तापमानाला, आपले चुंबकत्व गमावतो. या ऑक्साइडमधल्या घटकांचे प्रमाण बदलून ते तापमान खाली आणता येते. ते उपचाराच्या तापमानाजवळ आणले, तर गाठ पुरेशी तापली की कण आपोआप तापायचे थांबतील, वेगळा नियंत्रक लागणार नाही. कोल्हापूरच्या कामात कणांवर असे वेष्टन चढवले होते की ते पाण्यात गुठळ्या न होता तरंगत राहावेत. हे सगळे अजून प्रयोगशाळेच्या पायरीवर आहे.

चुंबकाऐवजी प्रकाश वापरायची वाट सोन्याची आहे. सोन्याचे विशिष्ट आकाराचे नॅनोकण जवळचा अवरक्त प्रकाश शोषून तापतात आणि हा प्रकाश निरोगी ऊतीतून त्या मानाने सहज जातो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी ही कल्पना पुढे आणली. 2019 मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या 16 रुग्णांवर तिची पहिली चाचणी छापली गेली. पण शरीरात सोने साचून राहिले तर काय? आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातले अभिजित डे यांच्या गटांनी 2015 मध्ये मेदाच्या बारीक पिशव्यांवर सोने चढवून पाहिले. हे कण उंदरांच्या गाठी तापवून झाल्यावर फुटून शरीराबाहेर पडू शकतात, असे त्यांनी दाखवले.

एक आकडा मात्र साऱ्या नॅनोस्वप्नांना जमिनीवर आणतो. टोरोंटोच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये मागच्या दहा वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले. शिरेतून टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे मध्यक प्रमाण 0.7 टक्के निघाले. उरलेले बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळतात. बर्लिनच्या उपचारात कण सुईने थेट गाठीत सोडत, त्यामागे हेच कारण होते.

उष्णतेला औषधाची किल्ली बनवायचा प्रयत्नही झाला. 40 अंशांच्या आसपास फुटणाऱ्या लायपोसोमात, म्हणजे मेदाच्या बारीक पिशवीत, डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध भरायचे, म्हणजे ते फक्त तापलेल्या गाठीत सांडेल. यकृताच्या कर्करोगाच्या 701 रुग्णांवरची चाचणी 2013 मध्ये अपयशी ठरली. जास्त वेळ तापवलेल्या रुग्णांना फायदा झाला असावा या आशेने केलेली दुसरी चाचणीही 2020 मध्ये फसली. नेम कागदावर कितीही अचूक असला, तरी रुग्णांवरच्या चाचणीत टिकला तरच तो उपचार.

विदर्भासाठी काय

तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्याकडे हातोहात खपतो आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण नागपूरचे सरकारी मेडिकल कॉलेज, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था इथे रांगा लावतात. तोंड, मान, स्तन आणि गर्भाशयमुख या जागा आजच्या यंत्रांच्या नेमाच्या आवाक्यातल्या आहेत. त्यासाठी नॅनोकणांची वाट पाहायची गरज नाही. गरज आहे ती चांगल्या यंत्राची, गाठीत तापमान मोजणाऱ्या प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञाची, प्रत्येक फेरीच्या लेखी नोंदीची आणि रेडिएशन विभागाशी ताळमेळ असलेल्या वेळापत्रकाची. भारतात अशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे. ती विदर्भात उभी करायची तर आधी सेवाग्रामच्या मांडणीची आपल्या रुग्णांवर चाचणी घ्यावी. तुलनेचा गट हवाच, आणि त्यात रेडिएशनबरोबर केमोथेरपीही असावी.

वाचकांसाठी चार गोष्टी. ऊन, स्टीम बाथ किंवा गरम पिशवीने कर्करोग बरा होत नाही. त्याने गाठ पुरेशी तापत नाही, कातडी मात्र भाजते. कोणी हायपरथर्मिया सुचवला तर विचारा: रेडिएशन किंवा केमोथेरपीबरोबर देणार का? गाठीचे तापमान कुठे आणि कसे मोजणार? नोंद आम्हाला मिळेल का? नुसत्या उष्णतेसाठी चालू उपचार थांबवायला सांगणाऱ्याकडे पाठ फिरवा. आणि तोंडातला पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, कारण लहान गाठीवर कोणताही उपचार जास्त चालतो आणि उष्णताही त्याला अपवाद नाही.